सगळं खापर आईवरच का फोडता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या वाढत्या वजनावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. पत्रलेखक काका (भाषेवरून वयाने मोठे वाटले) म्हणतात की आजकालच्या आयांना स्वयंपाकाचा कंटाळा, पोराच्या हातात मोबाईल दिला, मॅगी उकळली की झालं यांचं काम, म्हणून पोरं लठ्ठ होताहेत. मी साताऱ्यात बालवाडी चालवते. अडीच ते पाच वर्षांची मुलं रोज माझ्यासमोर डबा उघडतात, त्यामुळे मोबाईल नि मॅगीचं मी नाही म्हणणार नाही, ते आहेच. पण त्या अख्ख्या पत्रात बाबा हा शब्द एकदाही नाही, आजी-आजोबा नाहीत, दुकानदार नाही, नगरपालिका नाही, आणि गंमत म्हणजे पेपरवालेही नाहीत. म्हणून हे पत्र. लांबलंय माहितेय, कापायचं तर कापा पण मधला उंचीचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी हे मान्य करते की पाच वर्षाखालच्या मुलांचं जास्त वजन हा आपल्याकडे आकड्याने अजून छोटा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात २०१५-१६ ला अशी मुलं १.९ टक्के होती, २०१९-२१ च्या फेरीत ४.१ टक्के झाली. देशाचा आकडा २.१ वरून ३.४ वर गेला, म्हणजे आपलं राज्य पुढे आहे (नको त्या गोष्टीत पुढे). आणि त्याच सर्वेक्षणात त्याच महाराष्ट्रात वयाच्या मानाने बुटकी राहिलेली मुलं ३५ टक्के आहेत. मग कुणी म्हणेल बाई, शंभरातली पस्तीस खुरटलेली सोडून तुम्ही चार जाड पोरांची काळजी काय करताय? तर एक म्हणजे चार-पाच वर्षात दुपटीच्या वर गेलेला आकडा आहे हा, आणि दुसरं म्हणजे ही पस्तीस नि ती चार दर वेळी वेगवेगळी मुलं नसतात. हे लोकांना कळतच नाही.

समजा चार वर्षांचा एक मुलगा आहे, वजन १८ किलो. वजन नि वय एवढाच तक्ता बघितला तर हा हिरव्या पट्ट्यात मस्त बसतो, आई खुश, आजी खुश, मी पण खुश. आता त्याला चप्पल काढून भिंतीला टेकवून उभा करा, टाचा चिकटवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून, आणि पेन्सिलची खूण करून टेपने मोजा. भरली ९५ सेंटिमीटर. चार वर्षाच्या मुलग्याची मधली उंची १०३ च्या आसपास असते, म्हणजे हा उंचीत बराच मागे, खुरटलेल्यांच्या रेषेवरच म्हणा ना. आणि ९५ सेंटिमीटरला १८ किलो म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्याप्रमाणे तो सरळसरळ जास्त वजनात मोडतो. एकाच पोराच्या अंगात दोन्ही. पोट भरायला कॅलरी मिळाल्या पण उंच व्हायला जे लागतं ते कमी पडलं, किंवा सारखं आजारपण चालू राहिलं, आणि आपण वजनकाट्यावरचा आकडा बघून हुश्श केलं. अंगणवाडीतल्या ताई निदान पोषण ट्रॅकरवर (सरकारी ॲप आहे ते) उंचीही भरतात, त्यांना सॅम-मॅम म्हणजे तीव्र नि मध्यम कुपोषित मुलं शोधायची असतात म्हणून का होईना टेप लावतात. पण आमच्यासारख्या खाजगी बालवाड्या, प्लेग्रुप, आणि घरोघरी काय होतं तर फक्त वजन, ते पण कधी मेडिकलबाहेरच्या मशीनवर रुपया टाकून. पाच वर्षाखाली वजन उंचीशी ताडून बघायचं असतं हे निम्म्या पालकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता आईकडे येऊ, कारण काकांचा सगळा रोख तिथे आहे. आईचा संबंध आहेच, पण तो मॅगीपासून सुरू होत नाही, पोर पोटात असल्यापासून सुरू होतो नि त्यातलं निम्मं तिच्या हातात नसतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९९३ पासून त्यांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावातल्या बायकांचा, दिवस जायच्या आधीपासून, अभ्यास केला. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्या मापात लहान, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण पाठीवर चिमटीत धरून जी चरबी मोजतात ती मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत पण आत चरबी राखून आलेलं बाळ. याज्ञिकांचा तो फोटो पण प्रसिद्ध आहे, २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, ते स्वतः आणि एक इंग्लिश डॉक्टर शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा २२.३, पण अंगातली चरबी इंग्लिश माणसाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या अंगाची ठेवणच अशी आहे त्याला करणार काय. मग नुसतं डोळ्याने बघून कोण जाड कोण बारीक हे आपल्याबाबतीत धड कळतच नाही.

असं २.५-२.७ किलोचं बाळ घरी आलं की पुढे काय होतं ते सांगायला संशोधन नको, कुठल्याही बारशाला जाऊन बसा. "अगं किती बारीक गं, दूध पुरत नसेल तुझं." "वरचं चालू कर." "आमचा बंड्या तिसऱ्या महिन्यातच पेज खायचा." चार बायका बोलतात, त्यातली एक सासू असते, आणि आधीच झोप न झालेली बाळंतीण रडकुंडीला येऊन पावडरचा डबा आणायला सांगते. कमी वजनाच्या बाळाला वाढवायला पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही, डॉक्टर सांगतात त्या गतीने पाहिजे. वांधा घाईचा आहे. पहिल्या दोन वर्षात वजन झपाट्याने वर गेलं, उंची तेवढी नाही गेली, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो हे जगभरच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि आपली बाळं मुळातच चरबी राखणारी. युरोपात पाच देशात एक प्रयोग झाला होता, काही बाळांना जास्त प्रोटीनची पावडर नि काहींना कमी प्रोटीनची, तर सहा वर्षांनी जास्त प्रोटीनवाल्यांमधे लठ्ठ मुलांचं प्रमाण दुपटीच्या वर निघालं. अंगावरच्या दुधात प्रोटीन मुळातच कमी असतं, ते तसंच असायला हवं म्हणून कमी असतं. सहा महिने फक्त अंगावरचं, हे सगळ्यांना पाठ आहे, पण ज्या बाईला तीन महिन्यात कामावर परत जायचंय तिला काय सांगणार? शेतावर, दुकानात, घरकामाला जाणाऱ्या बाईला पगारी रजा कोण देतं? काकांनी तिला कंटाळा येतो म्हणून टाकलं.

गरोदरपणातली शुगर हा पण मोठा धोका आहे. आईची साखर वाढलेली असली की बाळ पोटातच जास्त वाढतं आणि त्या मुलाला पुढे वजनाचा नि डायबेटिसचा दोन्हीचा धोका असतो, म्हणून सरकारी दवाखान्यात पहिल्या तपासणीलाच नि परत २४ ते २८ आठवड्यात ग्लुकोज पाजून रक्त तपासायचं ठरलेलं आहे. आणि इकडे घरी "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा". दुसऱ्या टोकाला आमच्याकडे खेड्यात अजून मिश्री लावतात बायका, गरोदरपणात पण, त्यानं बाळ कमी वजनाचं होतं आणि मग परत ते वरचं चालू करण्याचं चक्र. हे सगळं पहिला मोबाईल हातात यायच्या आधीचं आहे बरं का.

मुलगा दोन-अडीच वर्षांचा होऊन माझ्याकडे येतो तेव्हा ऐकायला मिळणारं ठरलेलं वाक्य, "बाई, हा काही खातच नाही." ज्याच्या दंडाला वळ्या आहेत त्याची आईसुद्धा हेच म्हणते! आता यात एक साधं आहे. बाळाचं वजन पाच-सहा महिन्यात दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. तीच गती राहिली असती तर पाचव्या वर्षी पोर दारात मावलं नसतं. वर्षानंतर वाढ मंदावते, दोन वर्षानंतर वर्षाला दोनेक किलो एवढीच, म्हणून भूक पण कमी होते. हे नॉर्मल आहे. पण घरात ते कुणाला पटत नाही, मग टॉनिक, मग भूक लागायचं सिरप (मेडिकलवाला देतो, डॉक्टरची चिठ्ठी कशाला, आणि त्या सिरपनं पोर गुंगीत राहतं), मग मोबाईल. मोबाईल लावून भरवणं मी बऱ्याच घरी बघितलंय. पोर स्क्रीनकडे बघतंय, तोंडाजवळ चमचा आला की आपोआप आ करतंय, चावणं नाही, चव नाही, वाटी संपली तरी आ चालूच. पूर्वी हा घास काऊचा हा घास चिऊचा करायचे ते पण खरं तर चार घास जास्त कोंबायलाच होतं, उगाच त्याला सोवळं करायला नको, पण त्यात पोर मधेच तोंड फिरवायचं, पळून जायचं, आणि भरवणारी दमायची. स्क्रीनसमोर तोंड फिरवणंच बंद होतं. आपलं पोट भरलं हे ओळखायची मुलाला जन्मतः अक्कल असते, ती आपण दोन वर्षात घालवतो. आणि हे भरवणाऱ्यांमधे आई असते तशी आजी असते, सांभाळायला ठेवलेल्या मावशी असतात. बाबा नसतात सहसा. बाबा गाडीवरून फिरवून आणतात नि येताना वेफर्स घेऊन देतात, ते लाड झाले.

यावर आईने तोंड उघडलं की ऐकू येतं "बाळसं आहे ते, शाळेत जायला लागला की उतरेल." मी पण लोकांना हे म्हणायची, सगळेच म्हणतात. माझी भाची बालरोग शिकतेय, तिनं मला जर्मनीतला एक अभ्यास सांगितला, २०१८ ला आलेला, लाइपझिग शहराकडचा, पन्नास हजारावर मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी वर्षानुवर्षं बघून केलेला. तिसऱ्या वर्षी जी मुलं लठ्ठ होती त्यातली जवळजवळ ९० टक्के पौगंडावस्थेतही जास्त वजनाची किंवा लठ्ठच होती. आणि जी मुलं पौगंडावस्थेत लठ्ठ होती त्यांचं वजन सगळ्यात झपाट्याने कधी वाढलं होतं तर दोन ते सहा वर्षात. म्हणजे माझ्या बालवाडीच्या वयात! एरवी याच काळात मुलं बारीक होत जातात, उंची सुटते, फासळ्या दिसायला लागतात नि पाच-सहाव्या वर्षी परत अंग धरायला लागतात. ते परत अंग धरणं जर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झालं तर तो धोक्याचा इशारा असतो, आणि आपण मात्र ज्याच्या फासळ्या दिसतात त्या अगदी व्यवस्थित पोराच्या आईला टोमणे मारतो नि ज्याचं पोट पुढे आलंय त्याला खात्यापित्या घरचा म्हणतो. वजनाबद्दल मी एका पालकांशी अगदी हळू आवाजात बोलायला गेले तर आजीबाई म्हणाल्या, "माझ्या नातवाला दृष्ट लावू नका." दुसऱ्या दिवशी पोराच्या गालावर काळी तीट होती हे शपथेवर सांगते.

आणि इथे संपादक महोदय आपला नंबर लागतो. सुदृढ बालक स्पर्धेच्या बातम्या. मंडळं घेतात, नगरसेवक घेतात, महिला दिनाला, कुणाच्या वाढदिवसाला. पहिला नंबर कुणाला तर ज्याला उचलताना परीक्षकांची कंबर धरली. फोटो छापून येतो, घरी फ्रेम होते, आणि शेजारच्या दोन आया आपल्या पोराकडे बघून सुस्कारे टाकतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ ला स्वस्थ बालक बालिका स्पर्धा घेतली होती ती वजन-उंचीच्या मापावर होती, वयाच्या मानाने नि उंचीच्या मानाने वाढ बरोबर असेल ते मूल स्वस्थ, जाडजूड असायची अट नाही. असं करता येतं. तुम्ही एवढं करा, अशा स्पर्धेची बातमी आली की आयोजकांना विचारा उंची मोजली होती का, लसी पूर्ण आहेत का बघितलं का. नसेल बघितलं तर फोटो छापू नका. जाहिरातीचा संबंध असेल तर तुमची अडचण मी समजू शकते, पण विचारा तरी.

आता डब्याचं. आमच्याकडे नियम आहे की घरची पोळीभाजी नाहीतर उपमा, पोहे, थालीपीठ, काहीही चालेल पण पॅकेट नको. डबा उघडल्यावर काय दिसतं तर पोळीचा रोल, आत जॅम. किंवा वर दोन घास उपमा नि खालच्या कप्प्यात क्रीमची बिस्किटं. डब्यात आहे ना बाई, पॅकेट कुठेय! एक छोटी मला रोज बिस्किटाचे दोन भाग करून मधलं क्रीम चाटून दाखवायची आणि कोरडं बिस्कीट मला द्यायची, अगदी प्रेमाने. आयांशी बोलले की कळतं, सकाळी सातला स्वतःचा डबा, नवऱ्याचा डबा, सासऱ्यांचा पथ्याचा चहा, त्यात हे चौथं. आणि पोराने डबा परत आणला तर घरी तिलाच बोलणी. क्रीमचं बिस्कीट परत येत नाही. तिचं गणित मला समजतं.

बरं दुकानात जे मिळतं त्यावर तरी खरं लिहिलेलं असावं की नाही? २०२४ च्या एप्रिलमधे स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय संस्थेने दाखवलं की नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमधे एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि तसंच सहा महिन्याच्या बाळाचं खाणं जर्मनीत बिनसाखरेचं. ओरड झाल्यावर कंपनीने इथेही बिनसाखरेचे प्रकार आणले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ऑनलाईन विक्रेत्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं हेल्थ ड्रिंक म्हणून विकू नका. तोपर्यंत आपल्या दोन पिढ्या ते ताकदीचं म्हणून दुधात घालत आल्या! दुधाच्या कपात दोन चमचे पावडर नि वर परत एक चमचा साखर, कारण नाहीतर पीत नाही. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ च्या आहार सूचनांत दोन वर्षाखालच्या बाळाला वरून साखर देऊच नका म्हटलंय. बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते दोन वर्षाआत ज्यूससुद्धा नको, दोन ते पाच वर्षात दिला तर दिवसाला १२५ मिली, म्हणजे अर्धा ग्लास. आणि ते फळाच्या रसाबद्दल बोलताहेत, आंब्याच्या फोटोच्या बाटलीबद्दल नाही. गुळाबद्दल पण मला पालक विचारतात, गूळ चालेल ना बाई. गूळ म्हणजे पण साखरच हो शेवटी. नाचणीच्या सत्त्वात खडा टाकला तर आभाळ कोसळत नाही, पण नाचणी आहे म्हणून त्यात चार चमचे गूळ माफ असं नसतं.

सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा कोल्ड्रिंकवर ४० टक्के ठेवला, छान केलं. पण बिस्किटं नि चॉकलेट १८ वरून ५ वर आणलं, फरसाण वेफर्स १२ वरून ५ वर. माझ्या वयोगटातली मुलं कोल्ड्रिंक पितात त्याच्या कितीतरी पट बिस्किटं खातात. पाच रुपयाचा पुडा हा गरीब घरात नाश्ता आहे, ते महाग करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण केळं, अंडं, शेंगदाणे यांना पण कुणीतरी असं मोठ्या अक्षरात स्वस्त करून दाखवलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता. चिलीमधे २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पॅकेटवर समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो आणि पॅकेटवर कार्टून चालत नाही. आपल्याकडे कार्टून आहे, आत टॅटू आहे, आणि साखरेचा आकडा मागे, घडीच्या आत, मला चष्मा लावून वाचता येत नाही एवढा बारीक.

झोपेबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून थोडं लिहिते. तीन-चार वर्षाच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आहेत. कमी झोपणाऱ्या मुलांचं वजन जास्त वाढतं, हे पण बऱ्याच अभ्यासात आलंय. राज्य सरकारने २०२४ ला चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला, मुलांची झोप होत नाही म्हणून. चांगला निर्णय. पण आमच्याकडे काय झालं तर सकाळी अर्धा तास मिळाला तो रात्री टीव्हीनं घेतला. घरात मोठी माणसं साडेअकराला जेवणाची भांडी आवरत असतील, बाबा दहाला कामावरून येत असतील, एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर पोर साडेआठला झोपणार कसं? वन रूम किचनमधे मुलांचा बेडरूम नसतो.

खेळायचं तर बघूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत एक ते चार वर्षाच्या मुलांनी दिवसात १८० मिनिटं हालचाल करावी म्हटलंय. तीन तास! जिम नको, क्लास नको, नुसतं पळणं, चढणं, मातीत लोळणं. कुठे करायचं? अपार्टमेंटच्या पार्किंगमधे "येथे मुलांनी खेळू नये" असा बोर्ड. बागेत हिरवळीवर जाऊ नका. रस्त्यावर गाड्या. आमच्या बालवाडीला समोर थोडं अंगण आहे म्हणून आम्ही पळवतो, पण शहरातले कितीतरी प्लेग्रुप दोन खोल्यांच्या फ्लॅटमधे चालतात आणि फी घेऊन एबीसीडी गिरवून घेतात, कारण पालकांना तेच हवं असतं. मुलगा पळाला हे दाखवायला वहीत काही उमटत नाही ना.

घराण्यातच जाड आहेत सगळे, असं पण सांगतात. असतो, अनुवंशाचा भाग असतोच, आईबाप दोघं जाड असले तर मुलाचा धोका बराच वाढतो, पण त्या घरात जीन्स पण एक नि कढई पण एक, कुठलं किती कोण वेगळं करणार. खरोखर ग्रंथींचा किंवा जन्मजात आजार असणारी मुलं फार थोडी, आणि त्यांची एक खूण म्हणजे ती बहुतेकदा उंचीला कमी असतात. म्हणून परत सांगते टेप आणा. अंगाने भरलेलं आणि बुटकं मूल, किंवा एकदम वजन वाढायला लागलेलं, किंवा कुठल्या आजारासाठी स्टिरॉइड चालू असलेलं, अशांना घरच्या घरी डाएटवर ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि कुठल्याच लहान मुलाला उपाशी ठेवून बारीक करायचं नसतं, ते उंच होईपर्यंत वजन आहे तिथे टिकलं तरी पुष्कळ असतं.

आता काकांच्या मूळ मुद्द्याचं. आयांना शिकवा, आयांना समजवा, असंच सगळे म्हणतात, मी पण पालकसभेत तेच करते. २०२५ ला लॅन्सेटमधे एक मोठा आढावा आला, भाचीनेच पाठवला, सिडनीच्या लोकांनी जगभरचे असे प्रयोग गोळा केले होते, ज्यात बाळ जन्मायच्या आधीपासून किंवा पहिल्या वर्षातच आईबापांना खाणं, झोप, खेळ यावर शिकवलं होतं. नऊ हजारावर मुलांच्या नोंदी. दोन वर्षाच्या वयाला बघितलं तर शिकवलेल्यांच्या नि न शिकवलेल्यांच्या मुलांच्या बीएमआयमधे फरक नाही. काहीच नाही. मला वाचून वाईट वाटलं, मग राग आला, मग जरा हायसं पण वाटलं खरं सांगायचं तर. कारण पालकसभेत माना डोलावणाऱ्या, सगळं कळणाऱ्या, आणि तरी दुसऱ्या दिवशी जॅमचा रोल देणाऱ्या बायका मी रोज बघते, त्या मूर्ख नाहीत. घरात पाच माणसं खायला घालणारी, समोर टपरी, वर टीव्ही, खाली पार्किंग, आणि बोलणी खायला ती एकटी.

म्हणून काकांना माझी विनंती की आयांना पत्र लिहिण्याऐवजी त्यांनी एक काम करावं, त्यांना वेळ असेल असं दिसतंय. एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०२० चा नियम आहे की शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत साखर, मीठ, चरबी जास्त असलेलं खाणं विकायचं नाही, त्याची जाहिरातही करायची नाही. ५० मीटर म्हणजे साधारण सत्तर पावलं. जवळच्या शाळेच्या गेटपासून मोजत जावं आणि त्या सत्तर पावलात काय काय लटकतंय ते वहीत लिहावं, मग तो कागद अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात द्यावा नि पोच घ्यावी. टपरीवाल्याशी भांडू नये, त्याचं पोट आहे त्यावर, चणे-शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी ठेव म्हणावं, आम्ही घेऊ. आणि सोसायटीची मीटिंग असेल तेव्हा त्या पार्किंगमधल्या बोर्डाचा विषय काढावा, संध्याकाळी दोन तास गाड्या बाहेर लावायला माझी हरकत नाही असं उभं राहून म्हणावं. ज्येष्ठ माणूस म्हणाला तर ऐकतात, आम्ही बायका म्हटलं की विषय पुढच्या मीटिंगला जातो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक बालवाडीताई, सातारा